आजीच्या कुड्या, माझे फोर सी

लग्न ठरलं आणि एका वीकएंडमध्ये मी चक्क हिरेतज्ज्ञ झाले! कट, कलर, क्लॅरिटी, कॅरट हे ‘फोर सी’ तोंडपाठ. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचे १०० सेंट. रंगहीन हिरा ‘डी’ ग्रेडचा, आणि झगमगाट सगळ्यात जास्त कटवर अवलंबून. ज्ञान भरपूर, बजेट मात्र फ्रीलान्सरचं! त्यामुळे अंगठीची गाडी पाव कॅरटवर अडली होती.

तेवढ्यात राजापूरहून आजीचा फोन. ‘‘अगो, अंगठीचं मागाहून बघ. आधी इकडे ये. माझ्या कुड्या तुझ्या कानात बघायच्यात मला.’’

आजीच्या हिऱ्याच्या कुड्या म्हणजे आमच्या घरातली दंतकथाच. मध्ये एक, भोवती सहा, असे एका कानात सात हिरे. पावसाळ्यात अर्जुना-कोदवलीचं पाणी जवाहर चौकाकडे सरकू लागलं की दुकानदार माल वर चढवतात. आजीच्या घरी सगळ्यात आधी माळ्यावर जायची ती कुड्यांची डबी. बाबांच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी त्या दोनदा गहाण पडल्या आणि दोन्ही वेळा सुटून आल्या.

‘‘डबीत ठेवू नकोस हो, घाल,’’ आजी म्हणाली. मी इतकी आज्ञाधारक की दुसऱ्या दिवशी उन्हाळ्याच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर गेले तेही कुड्या घालूनच. डोक्यावरून मस्त आंघोळ. मुंबईत परतले तोवर हिरे काळपट! घाबरून टूथपेस्टने घासले. सोन्यावर बारीक ओरखडे आले, हिरे होते तसेच.

एका शोरूममध्ये विचारलं. ‘‘मॅडम, सर्टिफिकेट नाही. सोन्याचे पैसे देतो, एक्स्चेंज करून सॉलिटेअर घ्या.’’ खोटं कशाला सांगू, मोह झाला. नवी चकचकीत अंगठी मिळेल आणि आजीला काळ्या कुड्या दाखवायची वेळही टळेल... पण धीर झाला नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा कोकण रेल्वे, पुन्हा राजापूर. घरी न जाता आधी आमच्या जुन्या सोनारकाकांकडे.

त्यांनी भिंग लावलं. ‘‘हिऱ्याला काय होणार? मागचा वर्ख काळा पडलाय.’’ जुन्या बंद कोंदणात हिऱ्यामागे चांदीचा पातळ वर्ख घालायचे, उजेड परतावा म्हणून. उन्हाळ्याच्या पाण्यात गंधक, आणि गंधक लागलं की चांदी काळी पडते. मी सुटकेचा श्वास सोडला. काका मात्र अजून बघतच होते. मग त्यांनी टेस्टर काढला.

‘‘हिरे तेराच आहेत. ही काच आहे.’’

हिरा उष्णता झटकन वाहून नेतो, काच नेत नाही. टेस्टरला तेवढं पुरतं. मागे चकचकीत वर्ख असला की काचही वर्षानुवर्षं हिरा म्हणून मिरवते. भिंगातून मलाही दिसलं. तेरा खड्यांच्या कडा तीक्ष्ण होत्या, चौदाव्याच्या झिजलेल्या.

घरी आल्यावर आजीला सगळं सांगितलं. झरा, टूथपेस्ट, काच... ती शांतपणे म्हणाली, ‘‘ठाऊक आहे मला. दुसऱ्यांदा सोडवून आणल्या तेव्हाच कळलं. देताना कागदावर ‘कुडीजोड एक’ एवढंच लिहिलेलं. भांडणार कशाच्या जोरावर?’’

‘‘मग बाबांना का नाही सांगितलंस?’’

‘‘शिक्षण सोडून घरी आला असता तो. आता सांग खुशाल.’’

त्या संध्याकाळी मी माझे फोर सी पुन्हा तपासले. त्यात पाचवा ‘सी’ हवा, कागदाचा! दागिना गहाण ठेवताना, दुरुस्तीला किंवा पॉलिशला देताना खड्यांची संख्या, वजन लिहून घ्या आणि फोटो काढा. नवा घेताना प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागा. बऱ्याच हिऱ्यांच्या कडेवर लेसरने कोरलेला नंबर असतो, तो रिपोर्टशी जुळवून बघा. हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी सोन्याची हमी देतात, हिऱ्याची नाही. लॅबमध्ये वाढवलेला हिराही खराच असतो, पण तो बराच स्वस्त आणि परत विकताना किंमत फार कमी. म्हणून बिलावर तसा स्पष्ट उल्लेख हवा.

आणि निगा? मेकअप, परफ्यूम झाल्यावर दागिना सगळ्यात शेवटी घाला. हिऱ्यावर तेलकटपणा पटकन चढतो. मागून उघडं कोंदण असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे, फक्त बेसिनच्या उघड्या तोंडावर धुऊ नका! बंद कोंदण पाण्यात बुडवायचंच नाही, मऊ कापडाने पुसायचं. हिरा हिऱ्यालाही ओरखडे पाडतो, म्हणून प्रत्येक दागिन्याला वेगळी पुरचुंडी. वर्षातून एकदा सोनाराकडून कोंदण तपासून घ्या, कारण हिरा टिकतो, त्याला धरणारं सोनं झिजतं.

अंगठीच्या बजेटचं काय झालं? नवं कोंदण आणि चौदावा हिरा, अर्थात रिपोर्टसकट. अंगठी साधी सोन्याची घेतली. नवऱ्याला ती जास्तच आवडली, असं तो तरी म्हणतो!

बाबांना सगळं सांगितलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी आजीला फोन लावला आणि बराच वेळ गॅलरीत उभे राहिले.

सोनारकाकांनी आधीच बजावलं होतं, नव्या कटचा हिरा जुन्यांत वेगळा उठून दिसेल. दिसतोच. आजी म्हणते, ‘‘असू दे. सगळ्यांत धाकटा आहे तो.’’