मामाचा फोटो नाही

दोचुला खिंडीत गाडी थांबल्याबरोबर मी फोन मित्राच्या हातात दिला आणि म्हणालो, "मी उडी मारतो, बरोबर हवेत असताना काढ."

थिंपूहून पुनाखाला जाताना साधारण ३१०० मीटर उंचीवर ही खिंड लागते. तिथल्या टेकाडावर १०८ छोटे स्तूप आहेत. भूतानमध्ये त्यांना चोर्तेन म्हणतात. खालच्या ओळीत ४५, मधल्या ओळीत ३६, सगळ्यात वर २७. आकाश स्वच्छ असलं की मागे हिमालयाची रांग दिसते. भूतानला जाऊन आलेल्या कुठल्याही मराठी माणसाचं इन्स्टा उघडा, ही जागा असतेच. त्या दिवशीही टूरच्या बसमधून उतरलेल्या एक काकू "अगं, उन्हाकडे तोंड कर!" असं ओरडत होत्या. इतक्या लांब येऊन सारसबागेत आल्यासारखं वाटत होतं.

मित्राने फोटो काढला. फोन परत देताना म्हणाला, "हे काय आहे माहितीये ना तुला?"

"स्तूप."

"स्मारक आहे. २००३ च्या लढाईत भूतानचे जे सैनिक गेले, त्यांचं." मग जरा थांबून म्हणाला, "ते ज्यांच्याशी लढले, त्यांच्यात माझा मामा होता."

आमची ओळख इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासूनची. पुण्यात चार वर्षं एका खोलीत राहिलो. तो आसामच्या नलबारी जिल्ह्यातला. हॉस्टेलवर सगळे त्याला 'आसाम' म्हणूनच हाक मारायचे, मीसुद्धा. आज ते आठवलं की लाज वाटते. चार वर्षांत तो मराठी शिकला, मी असमियातले जेमतेम दहा शब्द. मामाला तिकडेही मामाच म्हणतात, हे मात्र मला त्या खिंडीत कळलं.

तो काही रडला वगैरे नाही. "चल, वरचं मंदिर बघू" म्हणाला. २००८ साली बांधलेल्या त्या लाखांगमध्ये फोटो काढायला मनाई आहे. आतल्या भित्तिचित्रांत नव्या भूतानच्या गोष्टी आहेत. एका ठिकाणी चक्क लॅपटॉपवर काम करणारा भिक्खू आहे. एरवी मी त्यावर दहा जोक केले असते. दुसरीकडे चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक जंगलात बंडखोरांशी लढताहेत. मित्र त्या चित्रासमोर बराच वेळ उभा होता. राजाकडे बघत नव्हता, मागच्या जंगलाकडे बघत होता.

त्या रात्री पुनाखाच्या होमस्टेमध्ये तो झोपला आणि मी फोनवर वाचत बसलो. माझ्या मित्राच्या घरातली एवढी मोठी गोष्ट मला सर्च करून वाचावी लागत होती.

१९९० च्या नोव्हेंबरात भारतीय लष्कराने आसाममध्ये 'ऑपरेशन बजरंग' सुरू केलं, पुढच्या वर्षी 'ऑपरेशन राइनो'. दबाव वाढला तसे उल्फाचे लोक सीमा ओलांडून दक्षिण भूतानच्या जंगलात सरकले. बोडो बंडखोरांची एनडीएफबी ही संघटनाही तिथे गेली, नंतर उत्तर बंगालमधली केएलओ. आसामात हल्ला करायचा आणि रात्रीतून भूतानमध्ये परत जायचं. भारतीय सैन्य त्या रेषेपाशी थांबणार, कारण पलीकडे दुसरा देश, तोही मित्रदेश.

भूतानची लोकसंख्या तेव्हा सात लाखांच्या आत. सैन्य काही हजारांचं. शेवटची लढाई १८६४-६५ मध्ये इंग्रजांशी झालेली. त्यात पूर्व भूतानमधून पश्चिमेकडे जायचं तर गाड्या आसाममधून जायच्या, म्हणजे बंडखोरांना दुखावलं तर मार खायला भूतानी माणसं रस्त्यावरच होती. २००० च्या डिसेंबरमध्ये अशा वाहनांवर हल्ले झाले, माणसं मेली. तरी राजांनी कित्येक वर्षं बोलणीच चालू ठेवली. २००१ मध्ये उल्फाने चार तळ हलवायचं कबूल केलं. तळ जुन्या जागेवरून उठले आणि दुसरीकडे बसले. शेवटी १५ डिसेंबर २००३ ला रॉयल भूतान आर्मीने 'ऑपरेशन ऑल क्लिअर' सुरू केलं. राजे स्वतः आघाडीवर होते. तिन्ही संघटनांचे मिळून ३० तळ मोडले. भारतीय सैन्याने आपल्या बाजूने सीमा बंद केली. जे पकडले गेले ते भारताच्या हवाली झाले.

म्हणजे भारताला सीमा ओलांडावीच लागली नाही. याची उलटी गोष्ट आपल्याला जास्त पाठ आहे. जून २०१५ मध्ये मणिपूरच्या चंदेलमध्ये १८ जवान मारले गेले आणि पाच दिवसांनी आपल्या कमांडोंनी म्यानमारच्या सीमेवरचे तळ उडवले. ती बातमी आली तेव्हा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर नुसता धुरळा उडाला होता. मी सिंहाचा जीआयएफ टाकला होता. मित्राने त्या दिवशी काहीच टाकलं नव्हतं, हे मी त्या रात्री जुने मेसेज वर सरकवत जाऊन पाहिलं.

मग मी करार शोधायला लागलो. मला वाटलं, कुठेतरी लिहिलेलं असणार की तुझ्यावर हल्ला झाला तर मी येईन आणि माझ्यावर झाला तर तू ये. भारत-भूतानच्या १९४९ च्या करारात असं कलमच नाही. त्यात आहे ते हे, की परराष्ट्र धोरणात भूतान भारताचा सल्ला घेईल. संरक्षणाची हमी आली ती १९५९ मध्ये, नेहरूंनी लोकसभेत सांगितलं तेव्हा : भूतानवरचं आक्रमण आम्ही भारतावरचं आक्रमण समजू. करारात नसलेली गोष्ट संसदेत बोललेल्या शब्दावर उभी होती.

आणि लिहिलेलं असतं तरी काय? नाटोचं पाचवं कलम जगप्रसिद्ध आहे, एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला. पण पुढे वाचलं तर कळतं की प्रत्येक देशाने त्याला आवश्यक वाटेल ती कृती करायची आहे. सैन्य पाठवायलाच हवं असं बंधन नाही. आजवर ते कलम एकदाच वापरलं गेलं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. टीममध्ये कुणी असं वाक्य स्पेकमध्ये लिहिलं तर मी रिव्ह्यूमध्येच परत पाठवेन : "'आवश्यक वाटेल ते' म्हणजे नक्की काय?" पण देशांना ती पळवाट हवी असते. तिच्याशिवाय कुणी सहीच करणार नाही.

आमच्या धंद्यात आधी कोड चालतो आणि डॉक्युमेंटेशन नंतर, कुणीतरी मागे लागल्यावर लिहिलं जातं. इथेही तसंच झालं. फेब्रुवारी २००७ मध्ये भारत आणि भूतानने नवा करार केला. सल्ला घेण्याचं कलम गेलं. त्या जागी आलं की एकमेकांच्या सुरक्षेला आणि हिताला बाधक कामांसाठी कुणीही आपली भूमी वापरू देणार नाही. भूतानने ते तीन वर्षं आधीच करून दाखवलं होतं. त्याची दुसरी बाजू २०१७ मध्ये दिसली. डोकलाममध्ये चीन रस्ता बांधायला लागला तेव्हा भूतान ज्याला आपली म्हणतो त्या जमिनीवर भारतीय सैनिक जाऊन उभे राहिले, ७३ दिवस. यात भारताचा स्वार्थ होताच, सिलिगुडीची चिंचोळी पट्टी तिथून जवळ आहे. २००३ मध्ये भूतानचाही होता. पण शब्द पाळताना स्वार्थ असला म्हणून शब्द खोटा ठरतो असं मला वाटत नाही.

हे सगळं वाचून मला बरं वाटायला लागलं होतं. छोट्या देशाने जबाबदारी निभावली, मोठ्याने परतफेड केली. छान कथा आहे. कॅप्शनसुद्धा सुचलं होतं.

परतताना आम्ही त्याच्या घरी दोन दिवस राहिलो. मित्राचे वडील निवृत्त शिक्षक आहेत. जेवताना मीच विषय काढला, काढायला नको होता. ते शांतपणे म्हणाले, "भूतानने केलं ते बरोबर केलं." त्यांच्या शाळेतल्या मास्तरांना संघटनेच्या नावाने चिठ्ठ्या यायच्या, अमुक रक्कम अमुक तारखेला. त्यांनीही दोनदा पगारातून पैसे दिलेत. "आणि धेमाजी," एवढंच ते बोलले. १५ ऑगस्ट २००४ ला धेमाजीत झेंडावंदनाच्या मैदानावर बॉम्ब फुटला. मेलेल्यांत बहुतेक शाळकरी मुलं होती. काही वर्षांनी उल्फाने त्याबद्दल माफी मागितली. त्या सकाळी हे दुसऱ्या एका शाळेत मुलांना रांगेत उभं करत होते.

मित्राची आई तेव्हा मासे वाढत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

बाकीचं मित्राने रात्री अंगणात सांगितलं. मामा घर सोडून गेला तो मित्राच्या जन्माच्या आदल्या वर्षी. एकदाच आला, रात्री, भाच्याला बघायला, आणि उजाडायच्या आत गेला. झडत्या व्हायच्या म्हणून आजीने त्याचे सगळे फोटो चुलीत घातले. शाळेचा ग्रुप फोटोसुद्धा. डिसेंबर २००३ मध्ये घरात दिवसभर रेडिओ चालू असायचा. उल्फाचे वृद्ध नेते भीमकांत बुरागोहेन मारले गेल्याची बातमी आली आणि मग काही दिवसांनी लष्कराने ते जिवंत असल्याचं दाखवलं. "त्याचाच जास्त त्रास झाला," मित्र म्हणाला. "मेलेला माणूस जिवंत निघाला ना. मग आई कुठलीच बातमी खरी धरेना."

पकडलेल्यांत मामाचं नाव आलं नाही. मेलेल्यांतही नाही. जे वडील आज "बरोबर केलं" म्हणतात, तेच दोन वर्षं सुट्टी काढकाढून मेहुण्याची चौकशी करत फिरले. त्या मोहिमेनंतर बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांनी आसाममध्ये उपोषणं केली, आमची माणसं कुठे आहेत एवढंच सांगा म्हणून. मित्राची आई उपोषणाला बसल्या नाहीत. मास्तरांच्या घरातून ते जमण्यासारखं नव्हतं.

२०२० मध्ये बोडो करार झाला. २९ डिसेंबर २०२३ ला उल्फाच्या चर्चावादी गटाने दिल्लीत करारावर सही केली. परेश बरुआंचा गट अजून बाहेर आहे. मी मित्राला विचारलं, त्या दिवशी घरी काय झालं?

"बाबांनी टीव्ही लावला. आईने भात लावला."

मला अजूनही वाटतं की भूतानसमोर दुसरा रस्ता उरला नव्हता. मास्तरांशी मी सहमत आहे. पण करारातलं 'बाधक कामं' हे वाक्य वाचलं की आता मला अडखळायला होतं. दोन सरकारांनी लिहिलेल्या वाक्यात माणूस मावेल असं नाही, तसा नियमही नाही. ज्याने पैसे उकळणाऱ्यांची साथ दिली आणि जो एका रात्रीपुरता भाच्याला मांडीवर घेऊन बसला, तो एकच माणूस होता. त्याचं काय झालं हे सांगायची जबाबदारी दोनपैकी एकाही देशाच्या कागदावर नाही.

निघायच्या सकाळी काकूंनी भूतानचे फोटो दाखव म्हणून फोन मागितला. मी त्यांना काकूच म्हणतो. मी घाईघाईने तो उडीचा फोटो ओलांडायला गेलो, पण त्यांनी माझं बोट थांबवलं. मी हवेत, हात पसरलेले, तोंड उघडं. मागे चोर्तेन. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. माझा चेहरा बाजूला गेला, पांढरे स्तूप स्क्रीनभर आले. बराच वेळ बघून त्यांनी असमियात काहीतरी विचारलं.

"डिसेंबरमध्ये तिथे फार थंडी असते का, विचारतेय," मित्र म्हणाला.

मी हो म्हणणार होतो. मग आठवलं, तळ तिथे वर नव्हतेच. ते खाली दक्षिणेला होते, आसामला लागून असलेल्या जंगलात, इथल्यासारख्याच हवेत. तसं मी सांगितलं.

"मग बरं," काकू म्हणाल्या आणि फोन मला परत दिला.