पिशव्या कोण सांभाळणार?

अमेरिकेहून परत येऊन बरेच दिवस झाले, तरी आमच्या शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीत अजून तोच विषय निघतो. परवा आमच्या एक ज्येष्ठ बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, दिवाळीनंतर आम्ही दोघं लेकीकडे कॅलिफोर्नियाला चाललोय. ती म्हणते, डिस्नेलँडमध्ये रात्री फक्त सभासदांसाठी काहीतरी असतं, त्याची तिकिटं काढते. किंमत ऐकून माझी तर छातीच दडपली. 'आम्हाला म्हाताऱ्यांना कशाला?' म्हणून कळवू का तिला?"

मी चटकन उत्तर दिलं नाही. कारण 'म्हाताऱ्यांना कशाला' हे वाक्य मी स्वतः एकदा बोलून बसले आहे, आणि त्याची मला अजून लाज वाटते. म्हणून मैत्रिणींनो, ती सगळी हकीगत इथे सांगते. कुणाला तिकिटाचा निर्णय घ्यायचा असेल तर उपयोगी पडेल.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी, माझा दहा वर्षांचा चिरंजीव आणि सासूबाई अशी तिघं धाकट्या भावजींकडे गेलो होतो. ह्यांना रजा मिळाली नाही. भावजींचं घर लॉस एंजेलिसच्या बाजूला, आर्टेशियाजवळ. तिथला पायोनियर बुलेव्हार्ड हा रस्ता म्हणजे आपलीच बाजारपेठ! साड्यांची दुकानं, सराफ, मिठाई, कढीपत्त्याच्या जुड्या. सासूबाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "एवढा विमानाचा खर्च करून आपण आलो कुठे?" तिथून अ‍ॅनाहाइम, म्हणजे डिस्नेलँडचं गाव, मोटारीने फार लांब नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना ते गाव अनोळखीही नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०१५ सालचं अधिवेशन तिथेच भरलं होतं.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते दिवसा, साध्या तिकिटावर. 'साधं' म्हणायचं आपलं! २०२४ च्या ऑक्टोबरात ठरलेल्या दरांप्रमाणे तिथल्या एका बागेचं एका दिवसाचं तिकीट १०४ डॉलरपासून २०६ डॉलरपर्यंत होतं. दिवस जितका गर्दीचा तितकं तिकीट महाग. मी मनातल्या मनात रुपये करत होते. भावजी म्हणाले, "वहिनी, इथे रुपये करायचे नाहीत, नाहीतर घशाखाली पाणीही उतरणार नाही."

बाग मात्र खरोखर देखणी आहे. पूर्वी तिथे संत्र्यांच्या बागा होत्या. १९५४ च्या जुलैत काम सुरू झालं आणि १७ जुलै १९५५ ला उद्‌घाटनही झालं. वर्षभरात उभं केलेलं गाव! पण त्या पहिल्या दिवसाची गोष्ट मोठी मजेची आहे. तो दिवस फक्त निमंत्रितांसाठी होता. लोकांनी खोटी निमंत्रणं छापून घेतली आणि बोलावलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसं आत शिरली. उकाडा एवढा, की नव्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतल्या म्हणतात. म्हणजे 'फक्त मोजक्यांसाठी' या शब्दांची ओढ त्या बागेच्या जन्मापासूनचीच!

आम्ही सकाळी दरवाजा उघडायच्या आधी जाऊन उभे राहिलो. तरी दहा तासांत आमच्या सहा राइड झाल्या. बाकी सगळा वेळ रांगेत. आणि सासूबाई? त्यांचं वय एकाहत्तर. गुडघे दुखतात, पाऊण तास उभं राहणं शक्य नाही. चाकांची खुर्ची भाड्याने मिळते, पण त्या म्हणाल्या, "मी काय पांगळी आहे?" बागेभोवती फिरणाऱ्या आगगाडीत तेवढ्या बसल्या आणि मग झाडाखालचं एक बाक धरलं. "तुम्ही जा रे पोरांनो, मी पिशव्या सांभाळते."

आम्ही गेलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. महाबळेश्वरला, गणपतीपुळ्याला, प्रतापगडावर पायऱ्या सुरू झाल्या की सासूबाई एक बरीशी जागा बघतात आणि सगळ्यांच्या पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या त्यांच्याभोवती जमा होतात.

संध्याकाळी परत निघताना मेन स्ट्रीटवरच्या एका दालनात आम्ही एक जुनं लाकडी बाक पाहिलं. वॉल्ट डिस्ने सुट्टीच्या दिवशी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये घोड्यांच्या फिरत्या पाळण्यावर घेऊन जात. मुली पाळण्यात आणि वडील बाकावर शेंगदाणे खात बसलेले. आईबाप आणि मुलं दोघांनाही मजा करता येईल अशी जागा का नसावी, असं त्यांना तिथे वाटलं आणि त्यातून ही बाग निघाली. ते बाक त्या ग्रिफिथ पार्कातलं. मी चिरंजीवांना ही गोष्ट अगदी वर्गात सांगावी तशी रंगवून सांगितली. शेजारी सासूबाई हातात तीन पिशव्या घेऊन उभ्या होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

भावजींनी जाताना आणखी एक माहिती दिली. सुरुवातीला दाराशी मोठ्या माणसाला एक डॉलर आणि मुलाला अर्धा डॉलर पडे. आतल्या राइडचे पैसे वेगळे, आपल्या जत्रेतल्या पाळण्यासारखे. पुढे 'ए' पासून 'ई' पर्यंत कुपनांची पुस्तकं निघाली. १९८२ पासून ती बंद झाली आणि एकाच तिकिटात सगळं आलं. ऐकायला सोयीचं वाटतं. पण हिशेब करून पाहा. कुपनं होती तोवर बाकावर बसणाऱ्याला बसण्यापुरतेच पैसे पडत. आता बाकावर बसणाऱ्या आजीचं आणि दहा राइड करणाऱ्या नातवाचं तिकीट जवळजवळ सारखंच!

माझी धाकटी जाऊ या बागेच्या चाहत्यांपैकी. एका सभासद-मंडळाची ती वर्गणी भरते. अशी मंडळं तिथे बरीच. १९६७ पासूनचा 'क्लब ३३' आहे, तो बड्या लोकांचा, आपल्यासारख्यांनी बाहेरूनच पाहावा असा. २००९ पासून 'डी-२३' नावाचं चाहत्यांचं मंडळ आहे, त्यात फुकटचे सभासदही आहेत आणि वर्गणीचेही. तर जावेच्या मंडळाची एक रात्र ठरली होती. बाग इतरांना बंद झाल्यावर नऊ ते एक, फक्त सभासद आणि त्यांचे पाहुणे. माणसं मोजकी, म्हणून रांगा छोट्या. तिकीट वेगळं आणि माणशी दीडशे डॉलरच्या वर. माझ्या अर्ध्या वेळच्या नोकरीचा दोन महिन्यांचा पगार!

रात्री जेवताना तो विषय निघाला. भावजी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "चार तासांसाठी एवढे पैसे? पंधरवड्याचं वाणसामान येतं यात." जाऊ म्हणाली, "चिमी सहा वर्षांची आहे. आत्ता नाही तर कधी?" दोघांचे आवाज चढायला लागले. पाहुणी म्हणून मला अवघडल्यासारखं झालं. काहीतरी खर्च कमी करून द्यावा म्हणून मी म्हणाले, "आईंचं तिकीट नाही काढलं तर? त्या कुठे बसणार आहेत राइडमध्ये! उगाच जागरण. एक तिकीट तर वाचेल."

सासूबाई पोळी वाढत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "खरंच की," एवढंच म्हणाल्या, "मी घरीच बरी."

जावेने मात्र ऐकलं नाही. तिने सहाही तिकिटं काढली, आणि त्या रात्री निघताना फर्मान काढलं, "आई, आज पिशवी नाही. एकही नाही. शाल अंगावर घ्या आणि चला."

खरं सांगते, आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं बागच ओळखू येईना. दिवसा माणसांच्या डोक्यांपलीकडे काही दिसत नव्हतं, ते आता सगळं मोकळं. दिव्यांच्या माळा, थंड वारा. आधी होडीतून जंगलाची सफर. दिवसा तिथे पाऊण तासाची रांग होती, आता दहा मिनिटांत आम्ही होडीत. नावाडी विनोद करत होता, ते सासूबाईंना कळत नव्हते, पण पाण्यात डुंबणारे खोटे हत्ती दिसताच त्या एकदम म्हणाल्या, "अगंबाई, हे तर आपल्याकडचे!" आणि खरोखरच ते भारतीय हत्ती म्हणूनच केलेले आहेत.

मग बाहुल्यांची राइड. न्यूयॉर्कच्या १९६४-६५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी ती केली होती, पुढच्या वर्षी इथे आणून बसवली. मग चाच्यांची गुहा. अंधारात होडी दोनदा धाडकन खाली घसरते. पहिल्या वेळी सासूबाईंनी माझं मनगट असं धरलं, की बांगडीचा वळ उठला. "गेले गं बाई!" मला वाटलं, आता ह्या रागावणार. बाहेर आल्यावर पदर सारखा करून त्या म्हणाल्या, "परत बसता येईल का गं?"

आम्ही परत बसलो. मग घोड्यांच्या पाळण्यावर बसलो. त्यांनी घोडा निवडला, गाडीतली जागा नको म्हणाल्या.

आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती चिमी? दोन राइड झाल्या आणि साडेदहाला बापाच्या खांद्यावर झोपली, ती झोपलीच. गाल हलवला, थंड पाणी लावलं, उपयोग नाही. शेवटी भावजी म्हणाले, "तुम्ही जा, मी बसतो हिला घेऊन." दिवसा सासूबाई बसल्या होत्या तसल्याच एका बाकावर भावजी अडीच तास बसून होते. सासूबाई जाता जाता त्यांना म्हणाल्या, "पाणी हवं का रे? कंटाळलास?" त्या आवाजात टोमणा नव्हता. तिथे बसणाऱ्याला काय लागतं, हे त्यांना पाठ होतं.

एक वाजता बाहेर पडलो. मोजदाद अशी: चिरंजीवांच्या नऊ राइड, सासूबाईंच्या सहा, चिमीच्या दोन. मोटारीत भावजींनी आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "वहिनी, तुम्हीच सांगा, पैसे वसूल झाले का?"

मी काय सांगणार? जिच्यासाठी पैसे घातले ती झोपलेली, आणि जिचं तिकीट मी वाचवायला निघाले होते ती शेजारी बसलेली. मी गप्प राहिले. तेव्हा सासूबाई खिडकीबाहेर बघत, जणू स्वतःशीच म्हणाल्या, "मी अजिंठ्याला दोनदा जाऊन आले. लेणी काही अजून पाहिली नाहीत."

मोटारीत कुणी बोललं नाही. जावेने हळूच मागे हात करून त्यांचा हात धरला. मला ते सुचलंही नाही.

तेव्हापासून मी विचार करते आहे. ते महाग तिकीट नेमकं विकतं काय? राइड त्याच, दिवेही तेच. तिथे विकली जाते ती न लागणारी रांग. मग ज्याला रांगेत उभं राहता येतं, त्याने त्यासाठी एवढे पैसे का मोजावेत? माझ्या चिरंजीवांनी दिवसाच्या सहा राइड तितक्याच आनंदाने केल्या. पण जिला रांगेमुळे दाराबाहेरच बसावं लागतं, तिच्यासाठी ती रात्र म्हणजे बागेत जायचा खरा पहिला दिवस. उलट दिवसाचं तिकीटच तिच्यासाठी महाग, कारण त्यात तिला एक आगगाडी मिळाली.

कुणी जाणार असाल तर चार गोष्टी सांगून ठेवते. सात-आठ वर्षांखालच्या मुलांना रात्रीच्या कार्यक्रमाला नेऊ नये. नेणारच असाल तर दुपारी दोन तास झोपवून न्यावं. काही राइडना उंचीची अट असते, कुठे ४०, कुठे ४६ इंच. घरीच भिंतीला लावून मोजावं, म्हणजे दारात रडारड होत नाही. लहान मूल सोबत असेल तर आईबापांना आळीपाळीने, पुन्हा रांग न लावता बसता येतं, तशी सोय विचारून घ्यावी. घरचं खाणं आत नेता येतं, काचेची भांडी तेवढी नकोत. आमच्या दशम्या आणि चटणी दिवसा फार उपयोगी पडल्या. आणि पिशव्या ठेवायला तिथे भाड्याने कप्पे मिळतात. हे मला परत आल्यावर कळलं नाही हो, पहिल्याच दिवशी पाटी वाचली होती. पण 'आई आहेत की' म्हणून आम्ही ते पैसे वाचवले.

शाळेतल्या त्या बाईंना मी शेवटी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. म्हटलं, "लेकीला नाही म्हणू नका. वाटलं तर दिवसाचं तिकीट नको म्हणा, त्या दिवशी घरी आराम करा. पण रात्रीचं घेऊ द्या. आणि हातात पिशवी धरू नका."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही संभाजीनगरला चाललो आहोत. तिथून अजिंठा. पायऱ्यांसाठी डोलीवाल्यांची चौकशी मी आधीच करणार आहे. सासूबाई नको म्हणतील, मला ठाऊक आहे. पण या वेळी पिशव्या मी सांभाळणार. माझी लेणी पाहून झाली आहेत.