घुमट, पेटी आणि सिंथेसायझर

वाद्य विकत घेणे हे दागिना घेण्यासारखे नाही, आणि भांडे घेण्यासारखेही नाही. दागिन्याची पारख सोनार करून देतो, भांड्याची पारख चूल करते. वाद्याची पारख मात्र ज्याने ते वाजवायचे त्याच्या कानावाचून दुसऱ्या कोणाला करता येत नाही; आणि हा कान तयार होतो तो वाद्य हाताशी असल्यावरच! तेव्हा पहिले वाद्य घेणाराला थोडेबहुत अंधारातच पाऊल टाकावे लागते. श्रीमंताचे पाऊल चुकले तर तो दुसरे वाद्य घेतो. बेताच्या परिस्थितीतल्या माणसाला मात्र त्या एका पावलाचा हिशेब वर्षानुवर्षे द्यावा लागतो.

गेल्या पावसाळ्यापूर्वी आमच्या कुंभारवाड्याच्या घरी हाच पेच उभा राहिला. माझ्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव फोंड्याला एका कारखान्यात नोकरी करतात. वय तेवीस. दोन वर्षे काटकसर करून त्यांनी चाळीस हजार रुपये साठवले होते. त्या रकमेवर दोघांचा डोळा होता. स्वयंपाकघरावरची कौले उतरवून वासे बदलावेत, असे दादांच्या मनात होते. जोयड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही निकड समजावून सांगायला नको. चिरंजीवांना हवा होता सिंथेसायझर.

“म्हणजे कॅसिओच ना रे?” मी विचारले. आमच्याकडे भजनात, लग्नात वा गणपतीच्या ऑर्केस्ट्रात पट्ट्यांचे जे जे विजेवर वाजते त्या सगळ्याला कॅसिओच म्हणतात.

“नाही काका. कॅसिओत आवाज भरून ठेवलेले असतात, आपण त्यातला एक निवडायचा. ह्यात आवाज आपणच घडवायचा.”

“आणि घडवून काय वाजवणार?”

तो जरा घुटमळला आणि म्हणाला, “ट्रान्स. गोवा ट्रान्स.”

हे शब्द ओटीवर बसलेल्या दादांच्या कानी गेले आणि पुढचे दोन दिवस घरात कोणी मोकळेपणी बोलले नाही. दादांचा राग केवळ पैशांवरून नव्हता. समुद्रकिनारी रात्रभर चालणाऱ्या त्या नाचांविषयी, तिथल्या अमली पदार्थांविषयी वर्तमानपत्रांतून जे छापून येते ते त्यांनी वाचलेले. मुलगा नोकरीसाठी त्याच मुलखात एकटा राहतो. बापाच्या जिवाला घोर लागावा यात नवल ते काय! दोन्ही पक्ष माझे असल्यामुळे मध्यस्थीही माझ्याकडेच आली. जन्मभर शाळेत शिकवले आणि सायंकाळी देवळात पेटी वाजवली, एवढ्या भांडवलावर मी ह्या विषयाचा अभ्यास आरंभला.

ह्या संगीताचा जन्म आमच्यापासून फार दूर झालेला नाही. अनमोडचा घाट उतरले की गोवा. हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पाश्चात्त्य हिप्पी येऊन राहू लागले. सॅन फ्रान्सिस्कोचा एक तरुण १९७०च्या सुमारास आला आणि पुढे ‘गोवा गिल’ या नावाने जगभर ओळखला गेला. २०२३ साली त्याचे गोव्यातच निधन झाले. आरंभी तिथे गिटारवरची गाणी चालत. १९८०च्या दशकात यंत्रांवर रचलेले संगीत आले. ऊन आणि धुळीपुढे तबकड्यांचा निभाव लागेना, म्हणून ही मंडळी कॅसेटी व पुढे डिजिटल फिती वाजवीत. १९९०च्या दशकात त्यातूनच ‘गोवा ट्रान्स’ नावाचा स्वतंत्र प्रकार सिद्ध झाला आणि त्याचेच पुढचे रूप म्हणजे आजचा सायकेडेलिक ट्रान्स. मौज अशी, की नाव गोव्याचे असले तरी त्या रचना बहुतांशी इंग्लंड, जर्मनी, इस्रायल अशा देशांतल्या खोल्यांतून तयार झाल्या. किनारा आपला, चांदणे आपले. सूर जुळवणारे हात मात्र क्वचितच आपले. आमच्या चिरंजीवांच्या मनात नेमके हेच सलत होते. “काका, नाव आपल्या शेजारचं आणि आपण नुसतं ऐकायचं?” हा त्याचा प्रश्न मला बिनतोड वाटला.

तरीही आपले हात अगदीच कोरे नव्हते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ सालीच मूग कंपनीचा सिंथेसायझर आला होता आणि तेथे भारतीय संगीतकारांनी त्यावर प्रयोग केले होते. मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजितसिंग यांनी १९८२ साली तीन जपानी यंत्रे घेऊन दहा राग यंत्राच्या तालावर बसवले आणि त्यांची तबकडी निघाली. तेव्हा तिला फारसे कोणी विचारले नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि जाणकार थक्क झाले. कारण अमेरिकेत पुढे ‘अ‍ॅसिड’ म्हणून गाजलेल्या संगीताशी तिचे विलक्षण साम्य होते, आणि ती त्याच्या काही वर्षे आधीची होती. भैरवापासून आरंभ केलेल्या एका भारतीय वादकाच्या हातून हे घडले, ही हकीकत मी दादांना मुद्दाम सांगितली. ते काही बोलले नाहीत, पण सुपारी कातरण्याचा त्यांचा वेग मंदावला.

त्या तीन यंत्रांपैकी एक रोलंड कंपनीचे ‘टीबी-३०३’. त्याची कथा बेताच्या खिशाच्या प्रत्येक कलावंताने ऐकावी अशी आहे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथीचा खर्ज मिळावा म्हणून ते १९८१-८२च्या सुमारास निघाले. त्यातून खऱ्या बास गिटारीसारखा आवाज काही निघेना. गिऱ्हाइके फिरकली नाहीत आणि १९८४ साली उत्पादन बंद पडले. मग ती यंत्रे जुन्या बाजारात कवडीमोलाने आली आणि शिकागोच्या गरीब पोरांच्या हाती लागली. त्यांनी खुंट्या भलत्याच पिळून पाहिल्या, तेव्हा त्यातून एक किंचाळणारा, पाझरणारा, वळसे घेणारा सूर निघाला. १९८७ साली त्या सुराची तबकडी आली आणि नाचाच्या संगीताचा चेहराच पालटला. गोवा ट्रान्सच्या अंगात तोच सूर भिनलेला आहे. आज मूळ यंत्राला लाखांत किंमत येते! म्हणजे ज्या वाद्याचा एवढा बडिवार, ते स्वस्त म्हणूनच पुढे आले.

पण चाळीस हजारांच्या आत घ्यायचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधताना मला सर्वांत अधिक उपयोग झाला तो घुमटाचा. कारवार-गोव्याकडे गणपतीच्या आरतीला घुमट वाजते. मातीचे मडके, एका मोठ्या तोंडावर चामडे, दुसरे लहान तोंड उघडे. पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. वन्यजीव कायद्याने त्याला बंदी असल्यामुळे आता बकऱ्याचे लावतात. उजव्या हाताने थाप मारायची आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकत-उघडत राहायचे. थाप तीच, पण तळवा सरकला की आवाज बंद्याचा खुला होतो, ‘घुम्’चा ‘गुंव्’ होतो. सिंथेसायझरमधला फिल्टर हेच काम करतो. आधी एक ऑसिलेटर सरळ, कर्कश सूर देतो; तो झाला चामड्याचा नाद. फिल्टर त्यातली वरची झणत्कारी अंगे कमी-अधिक कापतो; तो झाला तळवा. आणि तळवा किती चपळाईने उघडायचा व मिटायचा हे ठरवणारा भाग म्हणजे एन्व्हलप. हे मी बोलून दाखवले तेव्हा पुतण्याचा चेहरा उजळला. लहानपणापासून तो आरतीला घुमट धरत आलेला. म्हणजे ह्या विद्येचा अर्धा भाग त्याच्या डाव्या हातात आधीच होता.

आता ट्रान्सची गरज पाहू. ह्याची लय मिनिटाला १४० ते १५० ठोक्यांची. १४५ धरली तर एक मात्रा ०.४१ सेकंदांची आणि तिचा चौथा हिस्सा ०.१ सेकंदाचा. मात्रेच्या आरंभी ढोलाचा ठोका आणि उरलेल्या तीन हिश्शांत खर्जाचे तीन तुटक सूर, अशी चाल तासन् तास चालते. एवढ्या घाईत प्रत्येक सूर अगदी एकसारखा निघावा लागतो. एखादा जरी लुळा पडला तरी सारी लय लंगडते. जुन्या धाटणीच्या अ‍ॅनालॉग यंत्रात ऑसिलेटर आपल्याच नादात फिरत असतो, त्यामुळे प्रत्येक सुराचा आरंभ वेगवेगळ्या बिंदूवर होतो आणि त्यात सूक्ष्म फरक पडतो. संगणकातल्या सिंथेसायझरला मात्र दर वेळी त्याच बिंदूपासून आरंभ करायला सांगता येते. म्हणून खर्जापुरते संगणकाचेच पारडे जड. त्यासाठी पैसेही पडत नाहीत; ‘सर्ज’ आणि ‘व्हायटल’ ही उत्तम साधने फुकट मिळतात, आणि त्याच्यापाशी शिकताना घेतलेला लॅपटॉप होताच.

मग वाद्य घ्यायचेच कशाला? दादांनीही हेच विचारले. त्याला उत्तर एकच: हातासाठी. वरचे जे वळसे घेणारे, कुजबुजणारे, उसळणारे सूर असतात ते खुंटी बोटांत धरून, ऐकत ऐकत, जरा जरा पिळूनच सापडतात. घुमटाचा तळवा पडद्यावर बाण सरकवून शिकता येईल काय?

चिरंजीवांनी तीन वाद्ये निवडली होती. पहिले, त्या ‘३०३’चीच बेरिंजर कंपनीने २०१९ साली काढलेली स्वस्त नक्कल. सूर अस्सल, पण तो एकच. दुसरे आर्टुरिया कंपनीचे ‘मायक्रोफ्रीक’. त्यात चमत्कारिक आवाजांचे भांडार. परंतु पट्ट्या खऱ्या नव्हेत, सपाट पत्र्यावर बोट टेकायचे. पेटीवर बसलेल्या हाताला ते मानवेना. तिसरे कोर्ग कंपनीचे २०१७चे ‘मोनोलॉग’: पंचवीस बारीक पट्ट्या, एका वेळी एकच सूर, सोळा घरांची पुनरावृत्ती आणि भरपूर खुंट्या.

शेवटी निकाल लावला तो दोन साध्या गोष्टींनी. काळी नदीच्या पाण्यावर नागझरीच्या वीजघरात वीज तयार होते, जुने सुपे गाव त्यासाठी धरणाखाली गेले; पण आषाढातल्या वाऱ्यात झाड तारेवर पडले की आमच्या घरी कंदीलच! ‘मोनोलॉग’ सहा साध्या सेलांवर चालते. दुसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची. हार्मोनियमचे सूर जागच्या जागी ठोकलेले, तिच्यात श्रुती नाहीत, हा आक्षेप जुना आहे. १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी घातली ती १९७१ साली सैल झाली. ह्या चिमुकल्या यंत्रात प्रत्येक सूर हवा तेवढा चढवता-उतरवता येतो. भैरवाचा कोमल रिषभ मी त्यात मला हवा तिथे लावला, आणि आमच्या जुन्या पेटीने जन्मात दिला नाही असा आंदोलनाचा भास कानाला झाला. त्या संध्याकाळी दादाही जवळ येऊन बसले होते.

वाद्य मात्र नवे घेतले नाही. बंगळूरच्या एका वादकाने नीट जपलेले, हाताळलेले मिळाले. प्रत्येक खुंटी फिरवून खरखर ऐकली, प्रत्येक पट्टी दाबून पाहिली आणि मगच पैसे मोजले. वाद्य आणि चांगले हेडफोन मिळून पंचवीस हजार झाले. उरलेल्या पंधरा हजारांत सगळे वासे बदलले नाहीत, पण चुलीवरचा भाग मृगापूर्वी शाकारून झाला. मुलगा म्हणाला, बाकीचे पुढच्या वर्षी माझ्याकडे. दादांनी मान हलवली. आमच्या घरात करार असेच होतात.

हेडफोनचा आग्रह माझा. कुंभारवाडा काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानात वसलेला आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावू नये हा कायदा माणसांसाठी असेल. इथे त्याआधीही धनेशाला, शेकरूला आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना शांतता हवी असते. रविवारी तो घरी येतो, माजघरात ओल लागू नये म्हणून डब्यात ठेवलेले वाद्य काढतो आणि कानांना हेडफोन लावून तासन् तास बसतो. बाहेरून पाहणाराला केवळ त्याची बोटे हलताना दिसतात.

दादांची काळजी संपली आहे असे मी म्हणणार नाही. मुलगा किनाऱ्यावर कोणाच्या संगतीत बसेल हे वाद्य ठरवीत नाही. ते घरातल्या बोलण्यावर ठरते, आणि ते बोलणे आता सुरू झाले आहे. परवा दादांनी त्याच्या कानांवरचा हेडफोन उचलून स्वतःच्या कानांना लावला, थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, “ठेका बरा आहे. पण अरे, मधे जरा दम खायला जागा ठेव.”

चिरंजीव सध्या त्या जागेचा विचार करीत आहेत.