गोळ्या बंद झाल्यावर

‘एखादी तरी गोळी चालू ठेवा ना, डॉक्टर.’ ल्युकेमियाचे उपचार संपले असं सांगितलं की बहुतेक आया हेच म्हणतात. दोन-अडीच वर्षं रोज रात्री ६-एमपी या केमोच्या औषधाची गोळी ब्लेडनं अर्धी करायची, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट द्यायची, वहीत टिक करायची. ते सोडायचं म्हणजे आजार उलटायला मोकळं रान, असं त्यांना वाटतं. जंतुसंसर्ग टाळण्यासाठीचं सेप्ट्रान अजून काही महिने चालू राहील म्हटलं की तेवढाच जीव भांड्यात पडतो.

मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांच्यापुढंही हाच पेच होता. 1962 साली ते रुग्णालय सुरू झालं तेव्हा या आजारातून बरं होणारं मूल विरळाच. मेंदूभोवती दडलेल्या ल्युकेमियाच्या पेशींनाही गाठायचं, या हट्टापायी त्यांनी त्या दशकाच्या अखेरीस जवळपास निम्मी मुलं वाचवली. पण औषधं थांबवायची कधी? सुमारे तीन वर्षांनी थांबवून पाहिली. ज्यांचा आजार उलटला त्यांचा बहुधा पहिल्या वर्षातच. चार वर्षं नीट गेली की क्वचितच कुणाचा. गोळ्या आणखी ताणून पदरात काही पडत नाही, हे पुढं पक्कं झालं.

म्हणून पहिलं वर्ष मी दर महिन्याला बोलावतो. रक्ताचा रिपोर्ट बघतोच, पण भरवसा हातांवर जास्त. मान, काखा चाचपायच्या, डाव्या बरगडीखाली प्लीहा लागते का पाहायचं. मुलगा असेल तर वृषणंही. दहा वर्षांचा पोरगा चड्डी घट्ट धरून बसतो, आई म्हणते, राहू द्या. मी नाही राहू देत. तिथं औषध पुरेसं पोचत नाही. कधीकधी आजाराची पहिली खूण तिथंच दिसते, एका बाजूची न दुखणारी कडक सूज.

पुढं भेटी विरळ होतात, तक्रारी बदलतात. डोक्याला रेडिएशन घेतलेल्यांची उंची आणि अभ्यास, स्टिरॉइडनं खुब्याचं हाड झिजलेल्यांचं लंगडणं, डॉक्सोरुबिसिन घेतलेल्यांचं हृदय. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अशा मुलांसाठी 1991 पासून वेगळं क्लिनिक आहे. इतरत्र फाइल हरवली की सगळंच हरवतं. म्हणून औषधांचे एकूण डोस लिहिलेला कागद मी लॅमिनेट करूनच देतो.

हल्ली मुली विचारतात, ‘लग्न ठरवताना सांगायचं का?’ सांगा, पत्रिका जुळवण्याआधीच सांगा. मूल होईल का, हे सासरचे विचारणारच, बहुतेकींना होतं. दिवस राहिले की मात्र तो कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं आणि हृदयाचा एको करून घ्यायचा.