अमेय, वजन बघून घेऊ नकोस



ग्रीन कार्ड आलं, आता बंदूक घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. ॲरिझोनात २०१० पासून एकविशी ओलांडलेल्याला बंदूक लपवून बाळगायला परवानाही लागत नाही. तुझ्या नीरजाचा भाऊ मात्र अजून एच-वन व्हिसावर आहे. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर त्याने ती हातात घेणंसुद्धा गुन्हा ठरू शकतो. तो तुमच्याच घरी राहतो, म्हणून हे आधी लिहिलं.

तुझं मन स्मिथ अँड वेसनच्या ३२९पीडीवर बसलंय. स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा सांगाडा, टायटॅनियमचं सिलिंडर, वजन साधारण ७०० ग्रॅम, आणि काडतूस चव्वेचाळीस मॅग्नम. कमरेला दिवसभर जाणवणार नाही, कबूल. पण हेच काडतूस त्यांच्या पोलादी मॉडेल २९ मधून उडतं तेव्हा हातात १२०० ग्रॅमच्या आसपास वजन असतं. काडतूस तेच ठेवून बंदूक निम्म्या वजनाची केली की धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. तो सगळा धक्का अंगठ्याच्या बुडाशी बसतो. थोड्या गोळ्या झाडल्या की चाप ओढायच्या आधीच मनगट आखडतं, डोळे मिटतात, आणि मग माणूस सरावच टाळतो. रात्री एकटा पार्किंगमधून येतोस याची मला काळजी आहे. पण सराव नसलेल्या हातात बंदूक असण्याची काळजी त्याहून मोठी आहे.

दुसरी अडचण दुकानात सहसा कोणी सांगत नाही. बार उडाला की बंदूक झटक्याने मागे येते. तिच्याबरोबर उरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्याही मागे येतात, पण पुंगळीत बसवलेली जड गोळी जागीच राहू बघते. अशी ती दर बाराला पुढे सरकते, सिलिंडरच्या तोंडाबाहेर येते आणि सांगाड्याला अडते. मग सिलिंडर फिरत नाही, तेही नेमकं गरजेच्या वेळी. म्हणूनच स्मिथ अँड वेसनच्याच हलक्या मॉडेल २९६ च्या नळीवर २०० ग्रेनपेक्षा जड गोळी नको असं कोरलेलं असतं. रेंजवर एक काडतूस सोडून बाकीची झाड, ते उरलेलं बाहेर काढ आणि नव्याशेजारी उभं धरून लांबी ताडून बघ. फरक दिसला तर तो माल त्या बंदुकीसाठी नाही.

माझं मत चव्वेचाळीस स्पेशलला. १९०७ सालचं काडतूस, गोळी जाड, वेग बेताचा. चार्टर आर्म्सची बुलडॉग १९७३ पासून याच काडतुसासाठी बनते: पाच घरं, वजन ६०० ग्रॅमच्या आत. धक्का तिलाही आहे, पण रबरी मूठ आणि सौम्य काडतुसं घेतलीस तर सराव होईल. ३२९पीडीच हवी असेल तर तीतही स्पेशल चालतं. मॅग्नम घालू नकोस.

शिवाय घरात छोटी ईरा आहे, ती आता कपाटं उघडते. कुलूपबंद पेटी बंदुकीच्या आधी घरात आली पाहिजे.

शनिवारी माझ्याबरोबर रेंजवर चल, तिथे या दोन्ही बंदुका भाड्याने मिळतात. कानांत बोळे घालून वर मफही लाव. तोवर दुकानात पैसे भरू नकोस.

तुझी,
आत्या