मो. आणि अ.

महाराष्ट्रात नाव सांगायची पद्धत ठरलेली आहे. आधी स्वतःचे, मग वडिलांचे, मग आडनाव. पु. ल. देशपांडे म्हटले की पु. म्हणजे पुरुषोत्तम आणि ल. म्हणजे वडील लक्ष्मण, हे कुणाला सांगावे लागत नाही. आमच्या हजेरीपटावरचा ‘मो. साद युसूफ शेख’ मात्र या चौकटीत बसत नाही. त्यातला ‘मो.’ही मुलाचाच आणि ‘साद’ही मुलाचाच.

मुलाच्या नावाआधी मोहम्मद लावायचे ते बरकतीसाठी. हाक मात्र पुढच्या नावाने मारायची. एका विद्यार्थ्याच्या अम्मीला आम्ही याचे कारण विचारले. त्या म्हणाल्या, “गुस्से में वो नाम कैसा लेना, सर?” पोरावर ओरडताना पैगंबरांचे नाव तोंडी येऊ नये, एवढी ही अदब. क्रिकेटपटू मोहम्मद अझरुद्दीनही धावफलकावर एम. अझरुद्दीन असत आणि लोकांच्या तोंडी नुसते अझर.

पण ज्या नावाची एवढी अदब, तेच कागदावर सर्वांत आधी कापले जाते. उर्दूत अवघ्या चार अक्षरांचे हे नाव मराठीत ‘मो.’ होते, इंग्रजीत कुठे ‘एमडी’, तर कुठे आणखी काही. अब्दुलचे त्याहून अवघड. अब्द म्हणजे बंदा, आणि रहमान हे अल्लाहचे नाव. ‘अ. रहमान’ लिहिले की बंदा टिंबात जातो आणि माणसाच्या नावावर अल्लाहचे नाव तेवढे उरते.

पूर्वी हे चालून जाई. हेडमास्तर, तलाठी, पोस्टमन, सगळ्यांना मो. म्हणजे काय ते ठाऊक असे. संगणकाला ते ठाऊक नाही. त्याच्या लेखी मो. हा एक माणूस आणि मोहम्मद दुसरा. विद्यार्थ्याचा ‘अपार’ क्रमांक काढताना शाळेतली नोंद आणि आधारवरचे नाव जुळावे लागते. ते जुळले नाही की काम अडते. कधी रकाने भरणारा ‘मोहम्मद’ला मुलगा करतो आणि ‘साद’ला त्याचा बाप. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही आले. आनंदाचीच गोष्ट आहे, पण आमच्याकडे रकाने चार आणि शब्द पाच होतात. २०१९ साली आसामात नागरिक नोंदणीच्या यादीबाहेर एकोणीस लाखांवर माणसे राहिली. त्यांत कागदोकागदी बदललेल्या स्पेलिंगने घात झालेलेही होते. तेव्हापासून एका टिंबाकडे आम्हाला हसून पाहता येत नाही.

म्हणून जूनमध्ये पहिलीचे प्रवेश सुरू झाले की आम्ही पालकांना जन्मदाखला समोर ठेवायला सांगतो. मुलाच्या नावाच्या रकान्यात दोन्ही शब्द एकत्र, पूर्ण, दाखल्यात आहेत तसेच लिहायचे. काही म्हणतात, “सर, जागा पुरत नाही.” आम्ही म्हणतो, अक्षर बारीक काढा, पण नाव तोडू नका.