सूर्यघर योजने, छपराखालीही ये

प्रिय सूर्यघर योजने,


माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावातली घरं डोळ्यांपुढे ठेवून तुला लिहिते आहे. तू आम्हाला हवी आहेस, म्हणूनच लिहिते आहे.

13 फेब्रुवारी 2024 ला तू जाहीर झालीस आणि महिनाअखेर केंद्रीय मंत्रिमंडळाने तुझ्यासाठी 75,021 कोटी रुपये मंजूर केले. एक कोटी घरांवर सौर पॅनेल, महिन्याला 300 युनिटपर्यंत मोफत वीज. 1 किलोवॅटला 30,000 रुपये, 2 किलोवॅटला 60,000, तीन आणि त्याच्या पुढे 78,000. गरिबाला उरलेली रक्कमही जड जाते, हे ओळखून 2025 मध्ये राज्याने ‘स्मार्ट’ योजनेची जोड दिली. दारिद्र्यरेषेखालच्या घराने 1 किलोवॅटच्या 50,000 रुपयांतले फक्त 2,500 भरायचे. महिन्याला शंभर युनिटांच्या आत भागवणाऱ्या घराचा एवढा विचार याआधी झालेला मला आठवत नाही. त्याबद्दल मनापासून आभार.

पण तू ज्या छपरावर बसतेस, त्याच्या खाली काय चाललंय ते एकदा पाहा.

तुझी थोरली बहीण, घरकुल योजना, सपाट भागात 1,20,000 रुपये देते. घर किमान 25 चौरस मीटरचं. वर स्लॅब, किंवा पैसे पुरले नाहीत तर पत्रे. आमच्या बीड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्रा सकाळी नऊलाच तापतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच धग खाली सोडतो, म्हणून माणसं अंगणात बाजा टाकतात. आत पंखा फिरतो तो गरम हवा ढवळायला. 1 किलोवॅटच्या पॅनेलला साधारण 10 चौरस मीटर जागा लागते. तेवढ्या भागावर सावली पडते, तेवढा निवतो. उरलेलं निम्म्याहून जास्त छप्पर तसंच तापत राहतं आणि त्याच्यासाठी तुझ्याकडे एक रुपया नाही.

2025 मध्ये राज्याने घरकुलाच्या अनुदानात 50,000 रुपयांची वाढ दिली. त्यातले 15,000 खास तुझ्या पॅनेलसाठी राखले, 35,000 बांधकामासाठी. छप्पर थंड ठेवण्यासाठी वेगळं काही नाही. खरं तर करायचं एवढंच: स्लॅबवर पावसाळ्यानंतर चुन्याचे दोन हात द्यायचे, पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग लावायचा. अशा छपराखाली दोन ते पाच अंशांचा फरक पडतो, असं या कामातली माणसं सांगतात. तेलंगणाने 2023 मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. आपल्याकडे घराच्या भिंती-छपरातून किती उष्णता आत यावी याची संहिता 2018 पासून आहे, पण ती 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या घरांसाठी. घरकुलाच्या वाट्याला ती येतच नाही. अमेरिकेत 1976 पासून गरिबाचं घर आधी बंदिस्त, ऊबदार करून देण्याची सरकारी योजना चालू आहे. तिथे थंडी, इथे ऊन. आधी घर सुधारायचं हा क्रम इथेही तितकाच लागू आहे.

मराठवाड्याला हे नवं नाही. जाड मातीच्या भिंती, लाकडी सरांवर पांढऱ्या मातीचा थर असं माळवदाचं घर भर दुपारी थंड असायचं. मात्र त्याचे गोडवे गाऊन मला थांबायचं नाही. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात असल्याच दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसं गाडली गेली. त्यानंतर डोक्यावर जड माती नको असं कुणी म्हटलं, तर त्याला नावं ठेवता येणार नाहीत. शिवाय दर पावसाळ्याआधी माळवदाची डागडुजी करायला आता हातही नाहीत आणि लाकूडही परवडत नाही. म्हणूनच हलकं, पक्कं आणि तरीही थंड छप्पर हवं. ते मिळवून देणं सरकारच्या आवाक्यातलं आहे.

पंख्याचंही तसंच. साधा पंखा 75 वॅटचा, कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपासचा. दिवसाला बारा तास चालला, तर एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिटं वाचतात. शंभर युनिटांच्या आतल्या घरात ही बचत मोठी आहे. पण हा पंखा साध्याच्या जवळपास दुप्पट किमतीला मिळतो. एलईडी बल्बाची अडचण अशीच होती. 2015 मध्ये केंद्राची ‘उजाला’ योजना आली, एकगठ्ठा खरेदी झाली आणि एकेकाळी तीनशेच्या वर असलेली खरेदीची किंमत थोड्याच वर्षांत चाळीसच्या आत आली. पंख्याला तोच मार्ग मोकळा आहे. शिवाय परळीचं औष्णिक वीज केंद्र याच जिल्ह्यातलं. 2015 च्या दुष्काळात ते पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. इथे वाचलेल्या युनिटामागे पाणीही वाचतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या जिल्ह्यातली किती घरं दसरा-दिवाळीनंतर कुलूपबंद होतात, हे तुला माहीत असायला हवं. कोयता घेऊन ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांवर जातात. मागे राहिलेच तर म्हातारी माणसं आणि लेकरं. हिवाळ्याची स्वच्छ उन्हं पॅनेलवर पडतात, वीज तयार होते, महावितरणकडे जाते, युनिटं खात्यावर साठतात. पण वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या विनियमांप्रमाणे शिल्लक युनिटं आर्थिक वर्षाअखेर महावितरण विकत घेते आणि खातं पुन्हा शून्यावर येतं. त्या खरेदीचा दर घरगुती ग्राहक मोजतो त्यापेक्षा बराच कमी. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपतो, माणसं घरी येतात, पंखा-कूलर सुरू होतो, आणि हिवाळ्यातली पुंजी नेमकी तेव्हाच गेलेली असते. ऊसतोड मजुराचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. त्याचं खातं 30 सप्टेंबरला मिटवलं, तर हिवाळ्यातली वीज उन्हाळ्यात त्याच्याच घरी वापरली जाईल. यासाठी नवा पैसा फारसा लागत नाही, तारीख बदलावी लागते.

तेव्हा तुझ्या अर्जातच छपराचा रंग आणि दोन पंखे घाल. घरकुलाच्या शेवटच्या हप्त्याला जो फोटो काढतात, त्यात पांढरं छप्परही दिसू दे. आणि एक कर, अर्ज भरून घ्यायची शिबिरं भाद्रपदात लाव. दसऱ्यानंतर आलीस, तर ज्यांच्यासाठी आलीस ते साताऱ्या-कोल्हापुरातल्या उसाच्या फडात असतील.

कळावे,
माजलगाव तालुक्यातली एक वीजग्राहक